गावची शाळा आणि देणगीचा पैसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वर्षातून दोनदा हमखास येतात. एकदा मार्चअखेर, कंपन्यांना सीएसआरचा, म्हणजे कायद्याने सामाजिक कामांवर खर्चायचा, उरलेला पैसा संपवायचा असतो तेव्हा. आणि एकदा मे महिन्यात, जत्रेला किंवा दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्याला लोक गावी जाऊन आले की. विचारणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे नोकरदार, काही परदेशातले, आणि अलीकडे मुख्याध्यापक आणि सरपंचसुद्धा. उत्तरं महाराष्ट्रातल्या खेड्यांपुरती आहेत आणि त्यांत आमची मतं मिसळलेली आहेत, हे धरून चालावं.

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेला भेट द्यायची आहे. काय द्यावं?

आधी शाळेच्या ऑफिसात बसून डेडस्टॉक रजिस्टर बघायला मागा. मुख्याध्यापक सहसा नाही म्हणत नाहीत. गेल्या काही वर्षांत शाळेला काय काय मिळालं ते त्यात ओळीने लिहिलेलं असतं आणि त्यातलं आज काय चालू आहे, ते खोलीत नजर फिरवली की कळतं. एका शाळेत भिंतीवर मोठ्ठं डिजिटल पॅनेल होतं. त्याच्यावरचं कारखान्यातलं प्लास्टिक तसंच, वरून जुनी चादर, आणि पुढ्यात पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचलेली. वीजबिल थकलं म्हणून जोडणी तोडलेली. देणाऱ्याने पॅनेलची वॉरंटी व्यवस्थित घेतली होती; दर महिन्याचं बिल कोण भरणार, एवढंच कोणी विचारलं नव्हतं.

दप्तरं आणि वह्यांचं सांगायचं तर डांबरी रस्त्यालगतच्या शाळेत एकाच वर्षात दोन-तीनदा वाटप होतं. घाट चढून आत असलेल्या वाडीवर कोणी फिरकत नाही, कारण तिथे मोठी गाडी जात नाही आणि कार्यक्रम आटोपून जेवायच्या वेळेला परतता येत नाही.

सरकारकडून शाळेला समग्र शिक्षा अभियानातून संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १० हजार रुपये, १०० पर्यंत असेल तर २५ हजार. यातच खडू, कागद, झाडू, फिनेल, किरकोळ दुरुस्ती आणि वीजबिल भागवायचं, आणि तेही हप्ता वेळेवर आला तर. तोवर गुरुजी आणि बाई खिशातून घालतात. म्हणून आमचं साधं उत्तर असं: शाळेचा वर्षभराचा चालू खर्च उचला. वीज, इंटरनेट, नळदुरुस्ती, शौचालयाची सफाई. यात फीत कापायला काही मिळत नाही, हे खरं.

वस्तू दिली की डोळ्यांना दिसते. मानधन किंवा चालू खर्चाचा पैसा सत्कारणी लागला हे कसं कळणार?

या प्रश्नामागचा संशय रास्त आहे. पण वस्तू दिसते म्हणून ती उपयोगी पडली असंही होत नाही, हे पॅनेलवरून लक्षात आलं असेल.

याचं एक चांगलं उदाहरण आपल्याकडचंच आहे. ‘प्रथम’ ही संस्था १९९५ साली मुंबईत उभी राहिली. तिचा ‘बालसखी’ नावाचा एक उपक्रम होता. वस्तीतलीच शिकलेली एखादी मुलगी थोड्या मानधनावर नेमायची आणि तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज साधारण दोन तास तिच्याकडे सोपवायची. वाचन आणि गणिताचा पाया, बाकी काही नाही. मुंबई आणि बडोद्यात या उपक्रमाची रीतसर पाहणी झाली. पाहणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते; २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं ते. मुलांचे गुण वाढले, आणि सगळ्यात मागे असलेल्यांचे जास्त वाढले. बडोद्यात संगणकावरून गणित शिकवण्याचाही प्रयोग झाला होता, त्यानेही फरक पडला, पण खर्चाच्या मानाने बालसखी कितीतरी स्वस्त पडली.

त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. उपक्रम थांबल्यावर, मिळालेला फायदा वर्षभरात बराचसा ओसरला. एका वर्षाची देणगी एका वर्षापुरतीच असते.

आता तपासायचं कसं? महिन्यातून एकदा पाचवीच्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला द्या. खेड्यांतल्या मुलांना किती येतं हे पाहणारा ‘असर’ अहवाल २००५ पासून हेच करतो आणि देशभरातल्या खेड्यांत पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांना तो उतारा नीट वाचता येत नाही, असं त्यात दिसत आलं आहे. पालकांसमोर, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हे वाचन झालं तर पावत्या तपासण्यापेक्षा जास्त कळतं. मात्र न येणाऱ्या मुलाचं नाव तिथे जाहीर करू नका.

गावानेही वाटा उचलावा अशी अट घालावी का? गरीब लोकांकडे पैसे मागणं बरं दिसत नाही.

जरूर घाला. फक्त तो वाटा पैशातच हवा असं नाही.

महाराष्ट्रात खेड्यातलं शिक्षण उभं राहिलं तेच या रीतीने. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये तिचं ठाणं साताऱ्याला हलवलं. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका चुलीवरचं जेवायची. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं, हे शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे.

पण संस्था दागिन्यांवर चालली नाही. ती चालली मुष्टिफंडावर. दळण-कांडण करताना घरच्या बाईने रोज मूठभर धान्य बाजूला टाकायचं आणि ठरल्या दिवशी वसतिगृहाची मुलं ते गोळा करून आणायची. एक मूठ ज्वारी द्यायला कोणालाच जड जात नाही. आणि जिने वर्षभर मूठ टाकली, ती बाई पोर शाळेत गेलं की नाही हे विचारणारच. गावची शाळा सरकारची किंवा देणगीदाराची न राहता आपली होते ती अशी. ‘कमवा व शिका’ योजनाही त्याच मुशीतली: मुलाने शेतात, बागेत, बांधकामावर राबायचं आणि स्वतःच्या शिक्षणाचा भार स्वतः उचलायचा. याच बळावर रयतने सातारा भागात खेडोपाडी पाचशेहून जास्त व्हॉलंटरी शाळा काढल्या. पुढे त्या स्कूल बोर्डाकडे गेल्या. आज संस्थेच्या सातशेच्या वर शाखा आहेत.

आता मूठभर धान्याचे दिवस राहिले नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात ‘शैक्षणिक उठाव’ म्हणतात तो त्याचाच नवा अवतार: कोणी ट्रॅक्टरभर मुरूम टाकतो, कोणी रंगाचे डबे देतो, गवंडी दोन दिवस फुकट येतो, महिला बचत गट किचनशेडची भांडी घेतो. याची किंमत वहीत लिहायला लावा. बाहेरून पाच लाख आले आणि गावाकडून एकही माणूस एक दिवस आला नसेल, तर तो पाच लाखांचा ऐवज कोणाच्या भरवशावर टिकणार?

एक पथ्य. लोकवर्गणीची यादी देवळासमोर लावायची पद्धत बऱ्याच गावांत आहे. ज्यांच्याकडे खरंच नाही त्यांची त्यात शोभा होते. यादी लावायचीच तर कामाचीही लावा, नुसत्या रकमांची नको.

अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित यांत फरक काय?

थोडक्यात: अनुदानित खासगी शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देतं, इमारत आणि बाकीचं संस्था बघते. अंशतः अनुदानित म्हणजे पगाराचा २०, ४० असा टप्पा मंजूर झालेला. विनाअनुदानित म्हणजे अनुदानाच्या रांगेत उभी असलेली, आणि तिथले शिक्षक वर्षानुवर्षं नाममात्र मानधनावर राबतात. स्वयंअर्थसहाय्यित शाळा २०१२ च्या कायद्याखालच्या. त्यांना अनुदान मिळत नाही आणि मागताही येत नाही. देणगी मागणारी संस्था यांतली कोणती, हे पहिल्याच भेटीत विचारा. अनुदानित शाळा ‘शिक्षकांच्या पगारासाठी’ देणगी मागत असेल तर कोणत्या शिक्षकांच्या, हा पुढचा प्रश्न.

जिल्हा परिषदेच्या नादी लागण्यापेक्षा आम्हीच गावात चांगली शाळा काढली तर?

काढता येते. ट्रस्ट, जागा, ठेव, इरादापत्र (सरकारचा तत्त्वतः होकार), मान्यता, यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) असा तो रस्ता आहे. पण आधी एक हिशेब मांडा. गावात पहिली ते चौथीची पन्नास मुलं आहेत. तुमच्या शाळेला बस आहे, टाय-बूट आहेत, फलकावर ‘इंग्लिश मीडियम’ आहे. पहिल्याच वर्षी तीस मुलं तिकडे जातील. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, जिल्हा परिषद शाळेचं शिक्षकाचं पद डळमळेल, मग उरलेली पालकमंडळीही मुलं काढतील. जी वीस मुलं मागे राहतात ती कोणाची असतात, हे गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. पाच-सात वर्षांनी तुमचा उत्साह किंवा पैसा आटला, तर गावाकडे दोन्ही शाळा नाहीत.

ज्या पाड्यावर शिक्षण हक्क कायद्याने सांगितलेल्या एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळाच नाही, तिथली गोष्ट वेगळी. किंवा जिथे चालू शाळा मुलांच्या जगण्याशीच जुळत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची मुलं शाळेत येत नव्हती, कारण कोणाच्या कडेवर धाकटं भावंड, कोणामागे गुरं. या दोघींनी मुलांना बोल लावला नाही. अंगणात शाळा भरवली, गुरं चरायला जातात त्या कुरणावर शाळा भरवली, आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून तिला ‘विकासवाडी’ म्हटलं. भावंडाला पाळणाघरात ठेवून थोरली पोर शेजारच्या वर्गात बसू लागली. नवी शाळा काढायची तर ती अशा एखाद्या अडचणीचं उत्तर म्हणून काढावी. टाय-बुटासाठी गावाला तालुक्याची बस पुरेशी आहे.

शाळेसाठी जमवलेला पैसा पाण्यावर किंवा रोजगारावर का खर्च करायचा? ते आमचं काम नाही.

शाळेचा पट कशाने घटतो ते बघा, म्हणजे लक्षात येईल. बीड, अहिल्यानगर, जालना या पट्ट्यात दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या निघतात. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फडातून सुटका नाही. मार्च-एप्रिलपर्यंत गाव अर्धं रिकामं आणि वर्गात हजेरीपटावर नावं भरपूर, बाकावर मात्र सात-आठ मुलं. अशा शाळेत तुम्ही विज्ञान प्रयोगशाळा दिलीत तरी प्रयोग करायला मूल हवं ना.

यावर दोन बाजूंनी काम झालेलं आहे. कारखान्याच्या तळावर साखरशाळा, वीटभट्टीवर भोंगाशाळा, म्हणजे मूल जाईल तिथे शाळा. आणि दुसरीकडे मूल गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं. मूल आजी-आजोबांकडे राहतं, सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवतं. हे वसतिगृह शाळा व्यवस्थापन समिती चालवते, सरकारचा निधी असतो, पण तो बऱ्याचदा हंगाम निम्मा सरल्यावर हातात पडतो. नोव्हेंबरात किराणा उधारीवर उचलावा लागतो आणि दुकानदार किती थांबणार? इथे देणगीदाराने दोन महिन्यांचा किराणा भरला तर मुलं थांबतात. निधी आला की तो पैसा पुढच्या वर्षासाठी फिरवता येतो. एवढ्या कमी पैशात एवढं मोठं काम आम्हाला दुसरं माहीत नाही. एक सोय मात्र आवर्जून बघा: मुलींच्या रात्रीच्या राहण्याची. आजी-आजोबा नसतील तर आई-बाप मुलीला मागे ठेवत नाहीत, सोबत नेतात किंवा लग्न लावून मोकळे होतात.

हिवरे बाजारचं उदाहरण सगळे पाण्यासाठी देतात. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली, बांधबंदिस्ती झाली, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायची पद्धत पडली. त्याचा शाळेशी संबंध असा, की पोटासाठी बाहेर पडलेली कुटुंबं गावात परत आली. विहिरीला पाणी आलं म्हणून वर्गात मुलं आली. तेव्हा देणगीतला काही भाग पाणलोटावर गेला तर शाळेचे पैसे वळवले असं समजू नका. अर्थात, तालुक्यात पाऊस किती, जमीन कसली, गावात एकी किती, हे न बघता ‘आपलंही हिवरे बाजार करू’ म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.

मुलींसाठी शौचालय बांधून द्यायचं आहे. किती खर्च येतो?

बांधायच्या खर्चाचा अंदाज तालुक्याचा अभियंता देईल. आम्ही विचारतो ते दुसरं: पाणी कुठून येणार? बऱ्याच शाळांत शौचालय असतं, त्याला कुलूप असतं, किल्ली ऑफिसात खिळ्याला टांगलेली असते. हातपंप पटांगणाच्या पलीकडे, आणि बादली भरून नेणार कोण? ज्या शाळेत सहावी-सातवीच्या मुली आहेत तिथे याच एका कारणाने महिन्यातले दिवस बुडतात. टाकी, नळजोड, आठवड्यातून तीनदा सफाई करणाऱ्याचं मानधन आणि पॅडची विल्हेवाट, एवढं धरूनच रक्कम ठरवा. नुसतं बांधकाम करायचं असेल तर राहू द्या.

वर्गखोली बांधायची आहे. परवानगी कोणाची?

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव, मग गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषद. जुनी खोली पाडायची असेल तर तिचं निर्लेखन, म्हणजे सरकारी नोंदीतून ती काढून टाकणं, आधी मंजूर व्हावं लागतं. मोडकळीला आलेली असली तरी पाडायला सुरुवात करू नका.

खरी मेख जागेत असते. आजोबांनी शब्दावर दिलेली जमीन, तिच्यावर पन्नास वर्षं शाळा भरते, सातबाऱ्यावर मात्र अजून आजोबांचंच नाव. रस्ता झाला, जमिनीला भाव आला, की नातवाला हक्क आठवतो आणि तुमची खोली पायाभरणीलाच अडकते. उतारा काढा. नाव शाळेचं, जिल्हा परिषदेचं किंवा ग्रामपंचायतीचं नसेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र होईपर्यंत एक वीटही आणू नका.

सरकारची ‘दत्तक शाळा’ योजना घ्यावी का?

सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने ती आली. पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा दत्तक घ्यायची. ग्रामीण भागात पाच वर्षांसाठी ५० लाख आणि दहा वर्षांसाठी १ कोटी असं मूल्य त्यात ठरवलेलं आहे. मदत रोखीने द्यायची नाही, वस्तू आणि सेवा यांच्या रूपात द्यायची. देणगीदाराचं नाव शाळेला जोडता येतं, आणि यावरच शिक्षक संघटना आणि शिक्षण क्षेत्रातल्या अनेकांनी आक्षेप घेतला: सरकार हात झटकतंय, शाळांना जाहिरातींचे फलक लागतील. आमच्या मते मुदत हा या योजनेतला चांगला भाग आहे, पाच वर्षं टिकून राहायला ती देणाऱ्याला भाग पाडते. नावाचा भाग नसता तर बरं झालं असतं. घरगुती देणगीदाराला एवढी रक्कम पेलणार नाही, त्याने समितीमार्फत साधी मदत करावी.

पैसे नेमके कोणाच्या हातात द्यायचे?

कोणाच्याच हातात देऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीचं बँक खातं असतं, अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांच्या संयुक्त सहीचं. त्यात भरा, पावती घ्या, वस्तू असेल तर डेडस्टॉकला नोंद झाली का ते बघा. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. बैठकीला गेलात तर बायका सही करून लगेच उठून जातात की बसून बोलतात, यावरून बरंच समजतं.

एखादी संस्था खरी आहे हे कसं ओळखावं?

धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, परिशिष्ट-१ चा (विश्वस्तांची नावं असलेला) उतारा, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि दर्पण क्रमांक (केंद्राच्या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरचा) मागा. विश्वस्तांची नावं उताऱ्यावर आणि लेटरहेडवर वेगळी असतील तर विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज दाखल आहे का विचारा. एकाच आडनावाचे पाच विश्वस्त दिसले तर लगेच पाठ फिरवू नका, पण प्रश्न वाढवा.

हे सगळं कागद चोख असल्याची खूण, काम चोख असल्याची नव्हे. म्हणून न कळवता जा. सोमवारी जा, बाजाराच्या दिवशी जा. शाळेच्या फाटकाबाहेर टपरीवर चहा घेत पंधरा मिनिटं बसलात तर संस्थेच्या वार्षिक अहवालात नसलेलं सगळं समजतं. प्रशासकीय खर्च अजिबात नाही, शंभर टक्के रक्कम मुलांवर, असं कोणी सांगितलं तर आम्ही जरा सावध होतो. हिशेबनीस, प्रवास, भाडं हे कुठून तरी येत असणारच.

करसवलत मिळते का?

संस्थेकडे ८०जीची मान्यता असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर मिळते. नव्या प्रणालीत ही वजावट नाही. २ हजारांच्या वर रोखीने दिलेल्या रकमेवर आणि वस्तुरूप देणगीवरही नाही. संस्थेने आयकर खात्याकडे ऑनलाइन विवरण भरून काढलेलं प्रमाणपत्र मागून घ्या, नुसती छापील पावती चालत नाही.

मी परदेशात असतो. इथूनच संस्थेला पैसे पाठवू का?

पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसा तुमच्या स्वतःच्या कमाईचा असेल, तर नेहमीच्या बँकिंग मार्गाने पाठवलेली रक्कम परकीय देणगी धरली जात नाही. पण तुम्ही दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं) कार्ड असलं तरी, ती परकीय देणगी होते आणि संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते. अशी रक्कम फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच स्वीकारता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठी संस्था आपल्याकडे आलेली परकीय देणगी गावातल्या छोट्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आणली गेली आहे. मित्रमंडळात वर्गणी गोळा करून एकाच्या खात्यातून पाठवायचा बेत असतो, त्यात निम्मे मित्र परदेशी नागरिक असतात. चार-पाच हजारांच्या वर्गणीपायी गावच्या संस्थेला नोटिशीला तोंड द्यावं लागतं. मंडळाच्या ग्रुपवर वर्गणी जाहीर करण्याआधीच कोणाचा पासपोर्ट कुठला, हे विचारून घ्या.

कंपन्यांचा सीएसआर निधी आमच्यासारख्या आडगावाला मिळेल का? (हा प्रश्न मुख्याध्यापकांचा)

कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्चावी लागते. पैसा आहे. पण तो कारखान्याच्या आसपास, मुंबई-पुणे-ठाण्याच्या पट्ट्यात फिरतो. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव हे चार जिल्हे केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे मागे पडलेल्या जिल्ह्यांच्या, यादीत आहेत, तेवढा आधार घेऊन अर्ज करा. अर्ज ऑगस्टमध्ये करा, मार्चमध्ये नको. मार्चमध्ये पैसा मिळतो, पण पंधरा दिवसांत संपवायच्या अटीवर, आणि मग पुन्हा टीव्हीच येतो.

सुट्टीत गावी येऊन मुलांना इंग्रजी शिकवू का? फोटो काढले तर चालतील?

या, पण आठ दिवसांसाठी येऊन शिकवण्यात फार अर्थ नाही. त्यापेक्षा गावातल्या बालवाडीच्या ताई किंवा मानधनावरची शिक्षिका यांच्याबरोबर बसा, त्यांना हवं ते शिकवा. त्या जून ते एप्रिल तिथेच असतात. वसतिगृहात मुक्काम करायचा असेल तर पोलीस पडताळणी मागितली जाईल, त्यात अपमान वाटून घेऊ नका.

फोटोचं म्हणाल तर पालकांची परवानगी लागते. फाटका शर्ट घातलेलं पोर निवडून त्याच्या हातात वही देतानाचा फोटो काढायचा आग्रह असेल, तर त्या मुलाच्या जागी आपला मुलगा उभा आहे असं समजून मग ठरवा.

शाळेचा पट नऊ आहे. बंद होणार म्हणतात. अशा शाळेवर खर्च करावा का?

राज्यात वीसच्या आत पट असलेल्या शाळा सुमारे १५ हजार आहेत आणि त्यांच्या जागी समूह शाळा (जवळच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी) करण्याचा विचार २०२३ पासून मांडला जातो आहे. मुलं कमी म्हणून खर्च जास्त, हे गणित बरोबर आहे. पण ओढ्यापलीकडच्या मोठ्या शाळेत पावसाळ्यात ही नऊ मुलं जाणार कशी, हे त्या गणितात धरलेलं नसतं. पहिलीतली मुलगी तीन किलोमीटर चालत जाणार नाही, घरीच राहील.

अशा ठिकाणी बांधकामावर एक रुपयाही घालू नका. वाहनाची सोय, एका स्थानिक मदतनीस ताईचं मानधन आणि पुस्तकांची पेटी, एवढंच द्या. शाळा राहिली तर उपयोगी पडेल, हलली तर मुलांबरोबर हलवता येईल.

देणगीदाराच्या नावाची पाटी लावावी का?

लावा, लहान लावा. आईवडिलांच्या स्मरणार्थ पाटी लावण्यात गैर काही नाही, आपल्याकडच्या घाटांवर आणि धर्मशाळांवर ती परंपरा जुनी आहे. फक्त पाटीच्या खर्चात एका ताईचं महिन्याचं मानधन निघत असेल तर संगमरवराऐवजी रंगाने लिहून घ्या.

काही वर्षांनी मदत थांबवावी लागली तर?

ते पहिल्याच दिवशी सांगा. किती वर्षं देणार, दरवर्षी रक्कम किती कमी करत जाणार आणि तेवढाच गावाचा वाटा कसा वाढणार, हे समितीच्या ठरावात लिहून घ्या. थांबवायचं ठरलं की शैक्षणिक वर्ष संपायच्या आत नव्हे, त्याच्या आधीच्या दिवाळीला कळवा, म्हणजे मानधनावरच्या ताईला दुसरं काम शोधायला वेळ मिळतो. वीजजोडणी, इंटरनेट, पाण्याची मोटर यांपैकी काही तुमच्या नावावर असेल तर ते समितीच्या नावावर करून द्या. आणि शेवटच्या वर्षाचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवा, खर्च कमी-जास्त झाला असेल त्यासकट.